फाटकाबाहेरची माणसं : कोरियन युद्ध आणि सरमिसळीची संस्कृती

या मालिकेत आपण युद्धांकडे बहुतेक वेळा राजकारणाच्या अंगाने पाहतो. कोण जिंकलं, तह कुठे झाला, सीमारेषा कुठून कुठे सरकली. आज आम्ही थोडी वेगळी बाजू घेणार आहोत. युद्धात दोन समाज समोरासमोर येतात, तेव्हा त्यांच्या खाण्यात, गाण्यात, करमणुकीत काय घडतं? आणि जे घडतं ते नेमकं कोण घडवतं?

सुरुवात अगदी घरगुती गोष्टीपासून करू. तुमच्या घरात पंधरा-वीस वर्षांचं कुणी असेल, तर कोरियन नूडल्सचं पाकीट, कोरियन मालिका आणि कोरियन गाणी यांपैकी एखादी तरी गोष्ट घरात आली असणारच. हे सगळं आपल्याला अगदी नवं, चकचकीत वाटतं. पण त्याच्या मुळाशी जाऊ लागलं की आपण सत्तर-पंचाहत्तर वर्षं मागे जातो आणि एका लष्करी तळाच्या फाटकापाशी येऊन थांबतो. फाटकाच्या आत अमेरिकन सैन्य, आणि बाहेर उपाशी, विस्थापित झालेली माणसं.

‘युद्धामुळे संस्कृती जवळ येतात’ असं एक वाक्य नेहमी ऐकू येतं. ते पूर्ण खोटं नाही, पण फार सोयीचं आहे. त्यात युद्ध जणू एखाद्या जत्रेसारखं दिसतं. लोक आले, भेटले, देवाणघेवाण झाली. आमचं म्हणणं असं की देवाणघेवाण बरोबरीच्या माणसांत होते, आणि इथे बरोबरी नव्हती. संस्कृतीची सरमिसळ झाली हे खरं, पण ती सैन्यांनी केली नाही. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या माणसांनी, पोटासाठी केली. आणि पुढे त्या सरमिसळीचा गौरव झाला तेव्हा त्यातल्या काही माणसांनाच त्याचं श्रेय मिळालं. आजचं व्याख्यान या एका मुद्द्याभोवती आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता. जपान हरला, सप्टेंबर १९४५मध्ये दक्षिणेत अमेरिकन सैन्य उतरलं, उत्तरेत सोव्हिएत सैन्य आधीच होतं. ३८व्या अक्षांशावर देशाचे दोन तुकडे झाले. २५ जून १९५० रोजी उत्तरेच्या सैन्याने हल्ला केला. पुढच्या नऊ-दहा महिन्यांत राजधानी सोल चार वेळा एका हातातून दुसऱ्या हातात गेली. चार वेळा! एका शहरातली माणसं एवढ्या काळात किती वेळा घर सोडून पळाली असतील याचा विचार करा. २७ जुलै १९५३ला शस्त्रसंधी झाली. शांतता करार मात्र आजतागायत झालेला नाही. म्हणूनच अमेरिकन सैन्य तिथे राहिलं, आणि आजही सुमारे २८ हजार ५०० सैनिक तिथे आहेत. एरवी सैन्य येतं, लढतं, निघून जातं. इथे ते शेजारी म्हणून राहिलं. सरमिसळीला वेळ लागतो, आणि तो वेळ इथे मिळाला.

आता फाटकापाशी येऊ. पुण्याच्या किंवा देवळालीच्या माणसाला छावणी म्हणजे काय हे सांगायला नको. छावणी आली की तिच्याभोवती बाजार येतो, धोबी येतात, शिंपी, खानावळी, दारूची दुकानं येतात. कोरियात हेच झालं, फक्त तिथे बाहेरच्या माणसांकडे विकायला फारसं काही उरलेलं नव्हतं. कारखाने बंद, शेतं उजाड. आतमध्ये मात्र डबाबंद मांस, सॉसेज, चीज, कॉफी, चॉकलेट, सिगारेटी. सैनिकांच्या कँटीनमधला हा माल चोरवाटांनी बाहेर यायचा. तो बाहेर विकणं बेकायदा होतं, पण बाजार त्यावरच चालायचा.

आणि जे विकतही घेऊ शकत नव्हते त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट होती. तळावरच्या भोजनगृहातलं खरकटं बाहेर यायचं. ते उकळून त्याची पेज करून बाजारात विकली जायची. लोक तिला ‘डुकरांची पेज’ म्हणायचे. त्या पेजेत मांसाचा तुकडा मिळाला तर नशीब, आणि सिगारेटचं थोटूक मिळालं तरी आश्चर्य नाही. हे ऐकायला बरं वाटत नाही. पण ‘दोन खाद्यसंस्कृतींचा संगम’ असं आपण जेव्हा म्हणतो, तेव्हा त्या संगमाचं पहिलं पातेलं हे होतं, ते विसरता येत नाही.

यातून पुढे एक पदार्थ आला. त्याचं नाव ‘बुदे जिगे’. बुदे म्हणजे पलटण किंवा लष्करी तळ, जिगे म्हणजे दाटसर रस्सा. पलटणीचा रस्सा म्हणा. सोलच्या उत्तरेला उइजोंगबू नावाचं गाव आहे. सीमेकडे जाणारा रस्ता तिथून जातो, त्यामुळे आजूबाजूला अमेरिकन तळ होते. तिथे ओदेंगची, म्हणजे माशांच्या वड्यांची, गाडी चालवणाऱ्या एका बाईंकडे तळावर काम करणारे लोक सॉसेज, हॅम, बेकन घेऊन यायचे आणि म्हणायचे, याचं काहीतरी करून द्या. आधी त्या नुसतं परतून द्यायच्या. मग त्यात किमची घातली, लाल मिरचीची आंबवलेली चटणी घातली, पाणी घातलं आणि रस्सा झाला. १९६०मध्ये त्यांनी खानावळ काढली आणि नाव दिलं ‘ओदेंग सिक्तांग’, म्हणजे ओदेंग भोजनालय.

या नावापाशी जरा थांबू या. ओदेंग हा शब्द आणि पदार्थ मूळचा जपानी, पस्तीस वर्षांच्या जपानी राजवटीतून आलेला. किमची कोरियन. सॉसेज अमेरिकन. एका खानावळीच्या पाटीवर आणि पातेल्यात त्या देशाचा अर्धशतकाचा इतिहास आहे. कुणी ठरवून केलेला नाही. एका बाईंच्या हाताशी जे होतं, ते त्यांनी आपल्या चवीत बसवलं. अमेरिकन सॉसेज तसंच खाल्लं असतं तर ती नक्कल झाली असती. किमचीच्या रश्श्यात शिजवलं तेव्हा ते कोरियन झालं.

नूडल्सचीही गोष्ट अशीच. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेचा जादा गहू मदत म्हणून कोरियात येऊ लागला. भात खाणाऱ्या देशात गव्हाचं पीठ भरपूर आणि तांदूळ महाग. सामयांग कंपनीच्या संस्थापकांनी सोलच्या नामदेमुन बाजारात त्या पेजेसाठी लागलेली रांग पाहिली आणि स्वस्तात पोटभर मिळेल असं काहीतरी काढायचं ठरवलं, असं सांगतात. जपानमधून यंत्रं आणली आणि सप्टेंबर १९६३मध्ये कोरियातलं पहिलं झटपट नूडल्सचं पाकीट १० वॉनला बाजारात आलं. आज आपल्या दुकानांत जी झणझणीत कोरियन नूडल्स मिळतात आणि पोरं पैज लावून खातात, त्यातला एक प्रसिद्ध प्रकार याच कंपनीचा. आपल्या हातातलं ते पाकीट त्या रांगेपासून निघालेलं आहे.

इथे एक गैरसमज होऊ नये. युद्धातली भेट म्हणजे फक्त परदेशी सैनिक आणि स्थानिक लोक यांची भेट नव्हे. युद्धात एकाच देशातली, एरवी कधी न भेटणारी माणसंही एकमेकांच्या अंगावर येऊन पडतात. बुसान हे दक्षिणेच्या टोकाचं बंदर युद्धकाळात तात्पुरती राजधानी झालं. डिसेंबर १९५०मध्ये ईशान्येकडच्या हुंगनाम बंदरातून हजारो लोक जहाजांनी दक्षिणेकडे निघाले. ‘मेरिडिथ व्हिक्टरी’ या एकाच मालवाहू जहाजावर सुमारे १४ हजार निर्वासित होते. ही उत्तरेची माणसं. त्यांच्याकडे थंडगार रश्श्यातल्या नूडल्स खायची पद्धत, त्याला नेंगम्योन म्हणतात. उत्तरेत त्या बकव्हीट म्हणजे कुट्टूच्या, नाहीतर बटाट्याच्या पिठाच्या करतात. बुसानमध्ये ते पीठ मिळेना, मिळत होता मदतीचा गहू. मग गव्हाच्या पिठाच्या केल्या. त्याला ‘मिलम्योन’ नाव पडलं, आणि आज ती बुसानची खासियत म्हणून ओळखली जाते. म्हणजे उत्तरेची आठवण, अमेरिकेचं पीठ आणि दक्षिणेचं शहर.

गाण्यातही हेच. १९५३मध्ये ह्यन इन या गायकाचं ‘गुमसुन’ नावाच्या मुलीला उद्देशून म्हटलेलं एक गाणं फार गाजलं. हुंगनामच्या धक्क्यावर हरवलेली बहीण, आणि तिला शोधणारा, बुसानच्या बाजारात पोट भरणारा भाऊ. त्या गाण्यात बुसानच्या बाजाराचं आणि पुलाचं नाव येतं. गाण्याचा साचा जुना, जपानी काळातल्या लोकप्रिय गाण्यांचा. पण आशय असा की कुठल्याही छावणीतल्या निर्वासिताला ते आपलं वाटावं. उत्तर आणि दक्षिण यांच्यामध्ये सीमा बंद होत होती, त्याच वेळी दोन्हीकडच्या माणसांना एक गाणं मिळालं.

आता संगीताकडे. ‘आठव्या सैन्याचा रंगमंच’ असा शब्दप्रयोग कोरियन संगीताच्या इतिहासात कायम येतो. कोरियातल्या अमेरिकन फौजेचं नाव आठवं सैन्य, एट्थ आर्मी. सैनिकांची करमणूक हवी म्हणून तळांवर क्लब होते. अमेरिकेतून कलावंत अधूनमधून यायचे, पण रोज रात्री कोण गाणार? मग कोरियन गायक, वादक, नर्तक यांचे ताफे तयार झाले. ते पुरवणाऱ्या एजन्स्या निघाल्या. लष्कर ठरावीक काळाने त्यांची परीक्षा घ्यायचं आणि श्रेणी द्यायचं. श्रेणीप्रमाणे मानधन. श्रेणी घसरली की पोटावर पाय. अधिकाऱ्यांच्या क्लबची आवड वेगळी, साध्या शिपायांच्या क्लबची वेगळी. गोरे सैनिक कंट्री गाणी मागायचे, काळे सैनिक ब्लूज आणि पुढे सोल. एकाच ताफ्याला सगळं यावं लागायचं. हे वादक शिकले कुठे? सैनिकांसाठीचं रेडिओ केंद्र १९५०च्या ऑक्टोबरपासून सोलमध्ये सुरू झालं होतं. त्यावर लागलेलं गाणं ऐकून ऐकून सूर उतरवून घ्यायचे.

या रंगमंचावरचं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे किम सिस्टर्स. त्यांची आई ली नान-यंग, १९३०च्या दशकात ‘मोक्पोचे अश्रू’ या गाण्याने घराघरात पोचलेली गायिका. वडील किम हे-सोंग, नावाजलेले संगीतकार. युद्धात उत्तरेच्या फौजांनी त्यांना धरून नेलं, ते परत आले नाहीत. घरात मुलं पुष्कळ आणि खायला काही नाही. आईने दोन मुलींना आणि एका भाचीला इंग्रजी गाणी शिकवली. मुलींना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. शब्दांचे नुसते आवाज पाठ केले आणि सैनिकांसमोर उभ्या राहिल्या. बक्षीस म्हणून दारूच्या बाटल्या मिळायच्या. त्या चोरबाजारात विकून आई तांदूळ आणायची. एका टोकाला व्हिस्की आणि दुसऱ्या टोकाला तांदूळ, मध्ये न कळणाऱ्या भाषेतलं गाणं. ‘सांस्कृतिक देवाणघेवाण’ या शब्दाचा व्यवहारातला अर्थ हा असा होता.

१९५९मध्ये या तिघी लास व्हेगासला गेल्या. एड सलिव्हनच्या दूरदर्शन कार्यक्रमात त्या वीसहून अधिक वेळा आल्या. अमेरिकेत एवढं नाव कमावणारा हा पहिला आशियाई मुलींचा चमू. त्या अनेक वाद्यं वाजवायच्या, कोरियन पोशाखात कोरियन गाणीही म्हणायच्या. हे कौतुकाचंच आहे. पण एक लक्षात घ्या, त्यांना तिथे ज्या कार्यक्रमासाठी प्रथम नेलं त्याचं नाव होतं ‘चायना डॉल’. कोरिया काय आणि चीन काय, प्रेक्षकांना फरक पडत नव्हता.

मग हे तळावरचं संगीत कोरियन लोकांचं कधी झालं? इथे कालक्रम महत्त्वाचा आहे. १९६१मध्ये ‘पिवळ्या शर्टवाला’ या अर्थाचं एक गाणं आलं. गायिका हान म्योंग-सुक तळावरच्या रंगमंचावर तयार झालेली, गाण्याची चाल अमेरिकन ढंगाची, शब्द मात्र कोरियन. ते देशभर गाजलं. त्याच वर्षाच्या अखेरीस कोरियन सरकारी दूरदर्शन सुरू झालं. आणि १९६५नंतर अमेरिकेचं लक्ष व्हिएतनामकडे वळलं, कोरियातल्या क्लबांचा धंदा मंदावला. मग इतकी वर्षं अमेरिकन कानांसाठी घडलेले कलावंत आपल्याच लोकांकडे वळले. ऐकणारे बदलले आणि संगीतही बदललं.

यातला मोठा माणूस शिन जुंग-ह्यन. आईवडील लहानपणीच गेलेले, कारखान्यात काम करत करत गिटार शिकलेला. तळावर त्याला ‘जॅकी शिन’ म्हणायचे. १९६०च्या दशकात त्याने कोरियन भाषेत रॉक आणि सोल आणलं, आणि ते कोरियन लोकगीतांच्या वळणाला जोडलं. १९६९मध्ये त्याने लिहिलेलं आणि किम चू-जाने गायलेलं ‘व्हिएतनामहून परतलेला सार्जंट किम’ हे गाणं घराघरात गेलं. दक्षिण कोरियाने व्हिएतनाममध्ये तीन लाखांहून अधिक सैनिक पाठवले होते. कोरियन कलावंतांचे ताफेही तिथल्या तळांवर गायला गेले. दहा-पंधरा वर्षांपूर्वी फाटकाबाहेर उभा असलेला देश आता दुसऱ्याच्या देशात फाटकाच्या आत उभा होता. आणि गावाकडे त्या सार्जंटची वाट पाहणारी मुलगी गात होती ते काळ्या अमेरिकन सैनिकांच्या क्लबातून आलेल्या सोलच्या लयीत.

पुढे पार्क चुंग-ही यांच्या स्तुतीचं गाणं लिहायला शिनने नकार दिला. १९७५मध्ये गांजाच्या प्रकरणात त्याला अटक झाली, गाण्यांवर बंदी आली. पार्क यांची हत्या झाली १९७९मध्ये, तोपर्यंत तो जवळजवळ मुकाच होता. म्हणजे सरमिसळ झाली म्हणून स्वातंत्र्य मिळतं असंही नाही.

आता उलट्या दिशेकडे पाहू. कोरियातून सैनिकांनी काय नेलं? ‘आरिरांग’ नेलं. हे कोरियाचं सर्वांत लाडकं लोकगीत. विरहाचं, डोंगर ओलांडून जाणाऱ्या माणसाचं. अमेरिकेच्या सातव्या पायदळ डिव्हिजनने १९५६मध्ये ते आपलं अधिकृत संचलनगीत केलं. ऑस्कर पेटिफोर्ड हा नामवंत जॅझ वादक सैनिकांसाठी कार्यक्रम करायला कोरियात गेला होता. त्याने ती चाल ऐकली आणि तिच्यावर आपली जॅझची रचना केली.

पण वजन दोन्हीकडे सारखं नव्हतं, हे ‘मॅश’ या मालिकेवरून कळतं. १९७२ ते १९८३, अकरा वर्षं ही मालिका अमेरिकेत चालली. प्रत्यक्ष लढाई चालली तीन वर्षं. मालिकेतलं ते फिरतं लष्करी रुग्णालय कुठे होतं? उइजोंगबूजवळ. ज्या गावात पलटणीचा रस्सा शिजत होता, तेच गाव. मालिका युद्धाच्या विरोधात होती, चांगली होती. पण तिच्यातला कोरिया बहुतांशी मागच्या पडद्यासारखा. कोरियन माणसं येतात ती रुग्ण म्हणून, नोकर म्हणून, निर्वासित म्हणून. एकाच गावाच्या या दोन आठवणी. एकीत तिथले लोक कडेला आहेत, दुसरीत तेच चूल सांभाळत आहेत.

आता आपला, म्हणजे मराठी माणसाचा, यात थेट संबंध येतो तो भाग. शस्त्रसंधीनंतर मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या सुमारे २३ हजार युद्धकैद्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. त्यांना सांभाळण्यासाठी भारताने फौज पाठवली. तिचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओलीस धरलं, तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि त्याला सोडवून आणलं. सप्टेंबर १९५३ ते फेब्रुवारी १९५४, कडाक्याच्या थंडीत या लोकांनी अतिशय अवघड काम निभावलं.

पण पाहा, त्या फौजेने कोरियाच्या रोजच्या खाण्यागाण्यात काही मागे ठेवलं असं म्हणता येत नाही. का? अध्यक्ष सिंगमन री यांचा भारताच्या भूमिकेला इतका विरोध होता की भारतीय सैनिकांना दक्षिण कोरियाच्या भूमीवर पाय ठेवू द्यायलाही ते तयार नव्हते. जहाजावरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. त्या पट्ट्यात तारेची कुंपणं होती, तंबू होते, कैदी होते. बाजार नव्हता. खानावळ नव्हती. आमच्या मुद्द्याला यातून बळकटी मिळते. सैन्य आलं म्हणून संस्कृती मिसळत नाही. फाटकाबाहेर कुणीतरी उभं असावं लागतं. तरी एक खूण उरली: परतू न इच्छिणारे ८८ कैदी त्या फौजेबरोबर भारतात आले. १९६०मध्ये चोई इन-हुन या लेखकाची ‘चौक’ या अर्थाच्या नावाची कादंबरी आली. तिचा नायक असाच एक कैदी आहे, तटस्थ देशाकडे निघालेल्या जहाजावर बसलेला. कोरियन शाळा-कॉलेजांत ती आजही वाचली जाते.

आता शेवटचा आणि सगळ्यात अवघड भाग. फाटकाबाहेर आणखी कोण उभं होतं?

तळांभोवती वस्त्या होत्या. तिथल्या क्लबांत, बारमध्ये हजारो बायका काम करत होत्या आणि त्यांच्यापैकी अनेकींना देहविक्रय करावा लागत होता. कोरियन समाजाने त्यांना शिव्यांची नावं दिली. सरकार मात्र त्यांना डॉलर मिळवणाऱ्या देशभक्त म्हणून भाषणं द्यायचं, तपासण्या करायचं, आणि आजारी आढळल्या तर कोंडून उपचार करायचं. नवी गाणी, नवे नाच, नवे कपडे सर्वांत आधी याच वस्त्यांत आले. या बायका त्या सरमिसळीच्या मधोमध होत्या. पण बुदे जिगेच्या गल्लीला पाटी लागली, गायकांना पुरस्कार मिळाले, आणि या बायकांना काय मिळालं? २०१४मध्ये १२२ जणींनी सरकारवर खटला भरला. २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची जबाबदारी मान्य करून भरपाईचा निकाल दिला. तोवर काही जणी जग सोडून गेल्या होत्या.

दुसरं उदाहरण इनसुनी या गायिकेचं. १९५७मध्ये जन्म, आई कोरियन, वडील काळे अमेरिकन सैनिक. आवाज असा की पुढे ती देशातल्या सर्वांत मोठ्या गायिकांमध्ये गणली गेली. पण सुरुवातीच्या काळात दूरदर्शनवर यायचं तर कुरळे केस झाकावे लागायचे. सोल संगीत चाललं, पण ते संगीत ज्यांच्याकडून आलं त्यांच्याशी नातं सांगणारे केस चालले नाहीत. मिसळलेलं गाणं आवडतं, मिसळलेलं माणूस नको असतं.

आणि कुठली सरमिसळ आपली म्हणायची, हेही वरून ठरतं. १९६४मध्ये ली मी-जाचं ‘कॅमेलिया कन्या’ हे गाणं प्रचंड खपलं. लगेच त्यावर जपानी छाप असल्याचा ठपका आला आणि प्रसारणाला बंदी झाली. ती उठायला १९८७ साल उजाडलं. अमेरिकन छापाच्या गाण्यांना त्याच काळात मोकळं मैदान होतं. जुन्या राज्यकर्त्याची छाप लाजिरवाणी, नव्या मित्राची छाप आधुनिक. ऐकणाऱ्या माणसाला मात्र दोन्ही गाणी आपलीच वाटत होती.

१९८७मध्येच कोरियन कंपनीने डबाबंद अमेरिकन मांस, म्हणजे स्पॅम, देशातच बनवायला सुरुवात केली. आज सुगीच्या सणाला, चुसोकला, त्याचे डबे सजवून भेट देतात, आपल्याकडे दिवाळीला सुक्या मेव्याचे देतात तसे. आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस सोलच्या इतेवॉन भागात, तळाच्या शेजारीच, ‘मून नाइट’ नावाचा सैनिकांचा क्लब होता. कोरियन पोरं तिथे काळ्या सैनिकांकडे बघून नाचायला शिकली. त्यांतले दोघे १९९२मध्ये सो तेजीच्या चमूत दिसले, आणि आजच्या कोरियन पॉप संगीताची कहाणी सहसा तिथूनच सांगायला सुरुवात होते. आम्ही ती चाळीस वर्षं आधी सुरू केली, कारण १९९२च्या त्या मुलांच्या मागे व्हिस्की विकून तांदूळ आणणारी आई आहे, रेडिओवरून सूर उतरवणारे वादक आहेत, आणि नाव न घेतलेल्या बायका आहेत.

म्हणून मंडळी, पुढच्या वेळी कुणी म्हणालं की युद्धाने दोन संस्कृती एकत्र आणल्या, तर एवढंच विचारा: एकत्र आणल्या, पण कुणी? फाटकाच्या कुठल्या बाजूला उभं राहून? आणि त्यांची नावं कुठे लिहिली आहेत? रस्सा चवदार आहे, गाणीही सुंदर आहेत. ती मनसोक्त ऐकावीत. पण ती युद्धाने दिलेली भेट समजू नये. युद्धाने फक्त खरकटं दिलं होतं. त्याचं जेवण माणसांनी केलं.

आज इथेच थांबू या. प्रश्न असतील तर जरूर विचारा.